कालबाह्य युद्धनौका युद्धात काय कामाची? ‘कॅनोपस’च्या निमित्ताने

सप्टेंबर २०२०मध्ये ‘आयएनएस विराट’ला मुंबईहून ओढत अलंगला तोडायला नेलं, तेव्हा हळहळ तर झालीच, पण एक प्रश्नही पुढे आला. १९५९ साली ब्रिटिश नौदलात दाखल झालेलं जहाज आपण २०१७पर्यंत कसं काय वापरत राहिलो? मिग-२१ विमानं २६ सप्टेंबर २०२५ला निवृत्त झाली तेव्हा हाच प्रश्न जरा अधिक रागाने विचारला गेला. शस्त्र जुनं झालं की ते लढाईत नेणं म्हणजे माणसं मारणं, असं एक मत. जुनं असलं तरी चालतंय ना, मग वापरा, असं दुसरं.

‘विराट’चंच बघा. भारतात येण्याआधी ती ‘हर्मीस’ या नावाने ब्रिटिश नौदलात होती आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं मुख्य जहाज म्हणून लढली. त्याच फॉकलंड बेटांवर ६८ वर्षांपूर्वी, डिसेंबर १९१४मध्ये, दुसऱ्या एका म्हाताऱ्या जहाजाने लढाईतला पहिला गोळा झाडला होता. तिचं नाव ‘कॅनोपस’. जुनं जहाज कुठे उपयोगी पडतं, कुठे घात करतं आणि हे ठरतं कशावर, ते समजून घ्यायला हिच्यासारखं उदाहरण नाही. कारण आठ महिन्यांच्या आत या एकाच जहाजाकडून तीन वेगवेगळ्या अपेक्षा ठेवल्या गेल्या आणि तिन्हींचे निकाल वेगळे लागले.

जुनी म्हणजे किती जुनी?

‘कॅनोपस’ पोर्ट्समथच्या गोदीत बांधली गेली आणि डिसेंबर १८९९मध्ये तयार झाली. म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचं वय अवघं १५ वर्षांचं होतं. जहाजाच्या हिशेबात हे काहीच नाही. वजन सुमारे १३,००० टन, पुढे दोन आणि मागे दोन अशा चार १२ इंची तोफा, दोन्ही बाजूंना मिळून बारा ६ इंची तोफा. वेग १८ नॉट. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर. म्हणजे तासाला ३३ किलोमीटर, तेही सगळं ठाकठीक असेल तर.

ती म्हातारी झाली ती १९०६मध्ये, एका झटक्यात. त्या वर्षी ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ नावाची युद्धनौका तयार केली. चारऐवजी दहा १२ इंची तोफा, आणि पिस्टनच्या इंजिनाऐवजी टर्बाइन, त्यामुळे वेग २१ नॉट. तिच्याआधीच्या सगळ्या मोठ्या युद्धनौकांना तेव्हापासून ‘प्री-ड्रेडनॉट’ म्हणायला लागले.

नुसत्या तोफा वाढल्या एवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती. खरा फरक नेम धरण्यात होता. त्या काळी दहा किलोमीटरवरच्या जहाजावर मारा करताना आपला गोळा पाण्यात कुठे पडला, त्याचा फवारा कुठे उडाला, हे दुर्बिणीतून बघून पुढचा नेम सुधारत. जहाजावर दोन-तीन मापांच्या मोठ्या तोफा असल्या की कोणता फवारा कुठल्या तोफेचा, तेच कळत नसे. ‘ड्रेडनॉट’वर मोठ्या तोफा सगळ्या एकाच मापाच्या. त्यामुळे ती लांबून, जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारा करू शके. तिच्यासमोर प्री-ड्रेडनॉट उभी राहिली तर जवळ जाता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही, अशी अवस्था.

मग त्या भंगारात का नाही काढल्या?

कारण १९१४मध्ये ब्रिटनकडे अशा सुमारे ४० युद्धनौका होत्या, आणि समुद्र फार मोठा आहे. नव्या युद्धनौका जर्मनीच्या मुख्य आरमारासमोर, उत्तर समुद्रात अडकलेल्या. मग अटलांटिक, हिंदी महासागर, इराणचं आखात, सुएझ कालवा इथे पाठवायचं काय? तर राखीव ताफ्यात ठेवलेल्या या जुन्या नौका, आणि त्यांच्यावर राखीव दलातून बोलावलेली माणसं.

या व्यवस्थेचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ‘कॅनोपस’सारख्याच बांधणीच्या आणखी पाच नौका होत्या: ग्लोरी, अल्बियन, गोलायथ, ओशन आणि व्हेंजन्स. १६ ऑक्टोबर १९१४ला पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून इराणच्या आखाताकडे निघाली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. सैनिकांनी भरलेल्या त्या जहाजांच्या राखणीला ‘ओशन’ होती. त्याच दिवसांत ‘एम्डेन’ ही जर्मन क्रूझर हिंदी महासागरात मोकाट फिरत होती. २२ सप्टेंबरला तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. अशा एकट्यादुकट्या हल्लेखोराला बिनशस्त्र सैन्यजहाजांपासून दूर ठेवायला १२ इंची तोफांची धास्ती पुरेशी होती. पुढे शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी पाणी उथळ असल्याने ‘ओशन’ आत शिरू शकली नाही आणि आतलं काम लहान नौकांनी केलं. पण फाओला सैन्य उतरलं आणि नोव्हेंबरात बसरा हाती आलं. आपल्या माणसांची ती समुद्रयात्रा एका कालबाह्य जहाजाच्या भरवशावर झाली होती, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

कागदावरचं बळ आणि समुद्रावरचं बळ

आता ‘कॅनोपस’कडे वळू. ‘एम्डेन’ ज्या ताफ्यातून वेगळी काढली होती, तो जर्मनीचा पूर्व आशियाई ताफा व्हाइस अॅडमिरल माक्सिमिलियान फॉन स्पे यांच्या हाताखाली पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेकडे येत होता. त्यात ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझनाऊ’ या दोन ताकदवान आर्मर्ड क्रूझर होत्या. क्रूझर म्हणजे युद्धनौकेपेक्षा हलकी, वेगवान लढाऊ नौका. आर्मर्ड म्हणजे तिला पोलादी चिलखत चढवलेलं. या दोघींचे तोफची जर्मन नौदलात नेमबाजीसाठी नावाजलेले होते.

त्यांना गाठायचं काम होतं रिअर अॅडमिरल क्रिस्टोफर क्रॅडॉक यांच्याकडे. त्यांच्याजवळ ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’ या जुन्या क्रूझर, ‘ग्लासगो’ ही नवी पण हलकी क्रूझर आणि ‘ओट्रँटो’ हे तोफा बसवलेलं प्रवासी जहाज. लंडनच्या नौदल मुख्यालयाने त्यांच्या मदतीला ‘कॅनोपस’ पाठवली. हिशेब असा, की चार १२ इंची तोफांच्या छायेत क्रूझर राहिल्या की जर्मन जवळ फिरकणार नाहीत.

हा हिशेब कुठे चुकला? आषाढी वारीत दिंडी कधी पाहिली असेल तर लगेच कळेल. दिंडीत तरणीबांड पोरं असली तरी दिंडी चालते ती सगळ्यात हळू चालणाऱ्या आजीच्या पावलाने. ताफ्याचंही तसंच असतं. ‘कॅनोपस’च्या इंजिनांची तक्रार होती. वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारे कंडेन्सर नीट चालत नव्हते आणि वेग १२ नॉटच्या वर जाणार नाही, असं क्रॅडॉकना सांगण्यात आलं. समोरचा शत्रू २० नॉटने पळू शकणारा. म्हणजे ‘कॅनोपस’ सोबत घेतली तर शत्रू कधीच सापडणार नाही, आणि मागे ठेवली तर सापडलेला शत्रू भारी पडेल. क्रॅडॉकनी तिला कोळशाच्या जहाजांसोबत मागून यायला सांगितलं आणि स्वतः पुढे गेले.

१ नोव्हेंबर १९१४च्या संध्याकाळी चिलीच्या किनाऱ्यापाशी, कोरोनेलजवळ, दोन्ही ताफे समोरासमोर आले. स्पे यांनी सूर्य मावळेपर्यंत अंतर राखलं. सूर्य बुडाला तशा ब्रिटिश नौका मावळतीच्या उजेडावर काळ्या आकृत्यांसारख्या उठून दिसू लागल्या आणि जर्मन नौका अंधारात विरल्या. ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’ बुडाल्या. दोन्हींवरची सुमारे १,६०० माणसं गेली, क्रॅडॉकसह. वाचलं कुणीच नाही. जर्मनांकडे तीन जण जखमी.

‘कॅनोपस’ तेव्हा सुमारे ३०० मैल दक्षिणेला होती.

या प्रकरणातला सगळ्यात चटका लावणारा भाग इंजिनाच्या तक्रारीचा आहे. नंतर कळलं, की इंजिनं सांगितली तितकी वाईट नव्हतीच. मुख्य इंजिनीअरची मनःस्थिती ढासळली होती आणि ते केबिनमधून फारसे बाहेरच येत नव्हते. प्रत्यक्षात जहाज १६ नॉटपेक्षा जास्त वेग गाठू शकत होतं. हे कळेपर्यंत क्रॅडॉक पुढे निघून गेले होते, आणि कळल्यावरही कप्तान हीथकोट ग्रँट यांनी ते त्यांना कळवलं नाही. त्या इंजिनीअरला दोष द्यावा असं मला वाटत नाही. राखीव दलातली माणसं घाईने गोळा करून जहाज जगाच्या टोकाला पाठवलं, तर त्यातल्या एखाद्याचं मन मोडणारच. जहाज जुनं असतं तेव्हा त्याचा सगळ्यात मोठा ताण इंजिनखोलीतल्या माणसांवर येतो, आणि तो ताण मुख्यालयाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

ती तिथे असती तर क्रॅडॉक वाचले असते ना?

हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. खुद्द स्पे यांनीही नंतर पत्रात लिहिलं होतं, की इंग्रजांनी ही मोठी युद्धनौका सोबत ठेवली असती तर आपलं जड गेलं असतं. म्हणजे तिच्या तोफांची धास्ती खरी होती.

पण दुसरी बाजू बघितली पाहिजे. तिच्या १२ इंची तोफा जुन्या धाटणीच्या, आखूड नळीच्या होत्या. त्यांचा पल्ला जर्मनांच्या ८.२ इंची तोफांपेक्षा फारसा जास्त नव्हता. तोफची राखीव दलाचे, सराव कमी. त्या संध्याकाळी समुद्र खवळलेला. आणि मुख्य म्हणजे वेग जर्मनांकडे असल्याने लढायचं की टाळायचं, हे त्यांनीच ठरवलं असतं. माझं मत असं, की ती सोबत असती तर बहुधा लढाईच झाली नसती. क्रॅडॉक आणि त्यांची माणसं जगली असती, आणि स्पे निसटले असते. १,६०० जीवांच्या तुलनेत तो सौदा वाईट नव्हता. पण ‘शत्रूला शोधून नष्ट करा’ असा हुकूम हातात असलेल्या दर्यावर्दी अधिकाऱ्याने तो स्वीकारला असता का, हे सांगणं कठीण आहे.

चिखलात रुतवलेली युद्धनौका

कोरोनेलनंतर ‘कॅनोपस’ फॉकलंड बेटांच्या पोर्ट स्टॅन्ली बंदरात परतली आणि मुख्यालयाने तिच्यासाठी वेगळाच हुकूम धाडला: बंदराचं रक्षण करा, गरज पडली तर जहाज मुद्दाम तळाला टेकवा.

कप्तान ग्रँट यांनी तेच केलं. आतल्या बाजूला, चिखलाचा तळ बघून जहाज रुतवलं. डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवले. आजूबाजूच्या उघड्या माळरानात मिसळून जावं म्हणून जहाजाच्या अंगावर रंगाचे ठिगळासारखे पट्टे ओढले. लहान तोफा काढून किनाऱ्यावर नेल्या आणि त्यांची ठाणी केली. नौसैनिकांची एक तुकडी खाली उतरली. बंदराच्या तोंडाशी पेरायला सुरुंग नव्हते, म्हणून तेलाच्या पिंपांत स्फोटकं भरून घरगुती सुरुंग बनवले.

आता अडचण अशी, की जहाज टेकडीआड असल्याने तोफच्यांना बाहेरचा समुद्रच दिसत नव्हता. म्हणून टेकडीवर निरीक्षक बसवले आणि तिथून जहाजापर्यंत टेलिफोनची तार ओढली. वरून निरीक्षक सांगणार, खालचे तोफची न बघता नेम लावणार. १९१४मध्ये, जगाच्या टोकाला, हाताशी असेल त्या सामानातून माणसांनी हे उभं केलं. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्या जहाजाचं इंजिन हे दुखणं होतं, त्याला इंजिन लागणारच नाही अशी जागा दिली. उरलं ते जाड चिलखत आणि चार मोठ्या तोफा. हे दोन्ही अजून चांगलेच होते.

७ डिसेंबरला व्हाइस अॅडमिरल स्टर्डी स्टॅन्लीला पोचले. त्यांच्यासोबत ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ या बॅटलक्रूझर होत्या, म्हणजे ड्रेडनॉटच्या मापाच्या तोफा आणि क्रूझरचा वेग असलेल्या नौका. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोळसा भरणं चालू असतानाच, टेकडीवरच्या पहारेकऱ्याला क्षितिजावर धूर दिसला. स्पे आले होते, स्टॅन्लीच्या वायरलेस केंद्रावर हल्ला करायला. बंदरात कोण आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

लढाईतला सगळ्यात नाजूक वेळ हाच. ब्रिटिश जहाजं नांगरलेली, बॉयलरमध्ये पुरेशी वाफ नाही, डेकवर कोळशाची धूळ. ‘ग्नायझनाऊ’ आणि ‘न्युर्नबर्ग’ जवळ येत होत्या. साधारण ९.२०ला ‘कॅनोपस’ने गोळे झाडले. अंतर ११ किलोमीटरच्या आसपास. पहिले गोळे कमी पडले. नंतरचेही कमीच पडले, पण त्यातला एक पाण्यावर आपटून उसळला आणि ‘ग्नायझनाऊ’च्या धुराड्याच्या बुडाशी लागला.

तो उसळला कसा? खरा गोळा पाण्यावर आपटताच फुटतो. हा सरावाचा, आत स्फोटकं नसलेला गोळा होता. त्या दिवशी सकाळी नेमबाजीचा सराव ठरलेला होता, आणि मागच्या बुरुजातल्या तोफच्यांनी पुढच्यांवर मात करायची म्हणून आदल्या रात्रीच सरावाचे गोळे भरून ठेवले होते, असं सांगतात. हल्ला झाला तेव्हा ते काढायला वेळच नव्हता.

नुकसान किरकोळ झालं. पण टेकडीआडून १२ इंची गोळे येत आहेत म्हटल्यावर जर्मन नौका वळल्या. त्या वळल्या म्हणून स्टर्डींना वाफ धरायला वेळ मिळाला. दहाच्या सुमारास बॅटलक्रूझर बाहेर पडल्या आणि दिवसभर पाठलाग चालला. रात्रीपर्यंत ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझनाऊ’, ‘न्युर्नबर्ग’ आणि ‘लाइपझिग’ बुडाल्या. ‘ड्रेस्डेन’ तेवढी निसटली. स्पे गेले, त्यांचे दोन मुलगेही गेले. ‘शार्नहोर्स्ट’वरचा एकही माणूस वाचला नाही. कोरोनेलच्या बातमीने जशी ब्रिटनमधली शेकडो घरं बसली, तशीच आता जर्मनीतली.

‘कॅनोपस’ या पाठलागात नव्हती. ती चिखलातच होती.

हा निव्वळ नशिबाचा भाग नाही का?

उसळलेला गोळा नशिबाचा, हे मान्य. पण टेकडीवरचा टेलिफोन नशिबाने आला नव्हता. गोळा लागला नसता तरी तोफा धडाडल्याच असत्या, आणि बहुधा जर्मन वळलेच असते.

शिवाय हा प्रकार एकदाच घडलेला नाही. १ सप्टेंबर १९३९च्या पहाटे दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात करणाऱ्या तोफा ‘श्लेस्विग-होल्स्टाइन’ या जर्मन प्री-ड्रेडनॉटच्या होत्या. तोवर ती प्रशिक्षणाचं जहाज झाली होती. डान्झिग बंदरात सदिच्छा भेटीच्या नावाखाली ती आली आणि वेस्टरप्लाट्टच्या पोलिश ठाण्यावर अगदी जवळून मारा केला. समोर दुसरी युद्धनौका नव्हती, वेगाची गरज नव्हती. तरीही तिथल्या सुमारे २०० पोलिश सैनिकांनी सात दिवस दम काढला, हेही लक्षात ठेवावं.

‘गमावली तरी चालेल’

‘कॅनोपस’ची तिसरी कामगिरी डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत होती. १९१५च्या सुरुवातीला ब्रिटन आणि फ्रान्सने ठरवलं, की जहाजांच्या जोरावर ही चिंचोळी वाट फोडून इस्तंबूल गाठायचं. किनाऱ्यावर तुर्की किल्ले, पाण्यात सुरुंग. नव्या युद्धनौका तिथे घालायच्या नाहीत, जुन्या घालायच्या, कारण त्या बुडाल्या तरी मुख्य आरमाराचं बळ कमी होत नाही. ‘कॅनोपस’ मार्चमध्ये तिथल्या किल्ल्यांवर मारा करत होती.

इथे प्री-ड्रेडनॉटचा सगळ्यात मोठा दोष उघडा पडला. तिचं चिलखत पाण्याच्या वर आणि पाण्याच्या रेषेजवळ असतं, कारण ती बांधली गेली तोफांचे गोळे झेलायला. पाण्याखाली सुरुंग किंवा टॉर्पेडो फुटला तर तिथे तिची बाजू जवळजवळ उघडीच. त्यातून आतल्या मधल्या उभ्या भिंतीमुळे पाणी एकाच बाजूला भरत जातं आणि जहाज सरळ बुडण्याऐवजी कलंडतं. कलंडणाऱ्या जहाजातून खालच्या मजल्यांवरच्या माणसांना वर यायला वेळ मिळत नाही.

८ मार्चला ‘नुसरेत’ नावाच्या छोट्या तुर्की जहाजाने सुरुंगांची एक रांग पेरून ठेवली होती. १८ मार्चच्या मोठ्या हल्ल्यात फ्रेंच ‘बूव्हे’ दोन-तीन मिनिटांत उलटली आणि ६००हून अधिक माणसं घेऊन गेली. ‘इर्रेझिस्टिबल’ गेली. तिच्या मदतीला गेलेली ‘ओशन’ही गेली, तीच ‘ओशन’, जी पाच महिन्यांपूर्वी मुंबईच्या सैनिकांची राखण करत होती. तिच्यावरची बहुतेक माणसं मात्र वाचवता आली. १३ मेच्या रात्री ‘गोलायथ’ला तुर्की विनाशिकेने तीन टॉर्पेडो मारले आणि ५७० जण मेले. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकाच जर्मन पाणबुडीने ‘ट्रायंफ’ आणि ‘मॅजेस्टिक’ या आणखी दोन प्री-ड्रेडनॉट बुडवल्या.

जहाज गमावलं तरी चालेल, हा युक्तिवाद पोलादापुरता बरोबर होता. पण प्रत्येक जहाजावर ७००च्या आसपास माणसं होती आणि ती जुनी नव्हती. ‘बूव्हे’वरचा भट्टीत कोळसा टाकणारा पोरगा नव्या जहाजावरच्या पोराइतकाच तरणा होता. आरमाराच्या हिशेबात हे धरलंच गेलं नाही, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

‘कॅनोपस’ स्वतः वाचली. मे महिन्यात तिची जुळी बहीण ‘अल्बियन’ गाबा टेपेजवळ वाळूत रुतून तुर्की तोफांच्या माऱ्यात सापडली, तेव्हा ‘कॅनोपस’नेच तिला ओढून बाहेर काढलं.

शेवटी तिला कशाने निवृत्त केलं?

शत्रूने नाही. १९१६मध्ये ती इंग्लंडला परतली तेव्हा नौदलाला पाणबुड्यांशी लढणाऱ्या लहान नौकांसाठी खलाशी हवे होते. एका प्री-ड्रेडनॉटवरच्या माणसांत अशा कितीतरी नौका चालवता येत होत्या. म्हणून चॅथमला तिच्यावरची माणसं उतरवून तिकडे वळवली, आणि तिच्याकडे खलाशांना राहायला जागा देणाऱ्या तरंगत्या बरॅकीचं काम आलं. १९२०मध्ये ती विकली गेली आणि डोव्हरला तोडली गेली. स्टॅन्लीजवळच्या एका टेकडीला आजही ‘कॅनोपस हिल’ म्हणतात, आणि ८ डिसेंबरला फॉकलंड बेटांवर सार्वजनिक सुट्टी असते.